मुलांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करणाऱ्यांसाठी अमेरिकेतील ‘एनआयडब्ल्यू’ याचिका : नवख्यांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेत मुलांच्या मानसिक आरोग्यावर पीएच.डी. किंवा पोस्टडॉक करणाऱ्या भारतीय संशोधकांसमोर ग्रीन कार्डाचा प्रश्न बहुधा एखाद्या अनुदानाच्या अर्जाच्या निमित्ताने उभा राहतो. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांची, म्हणजे एनआयएचची, के-०१ आणि के-२३ ही उमेदीच्या संशोधकांसाठीची अनुदाने केवळ नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतात. शैक्षणिक कर्जफेडीची योजनाही त्यांच्यापुरतीच आहे. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना या मालिकेतले के-९९ खुले असते, पण त्याची स्पर्धा तीव्र आणि पात्रतेची मुदत मोजकी आहे. त्यामुळे कायम रहिवासाचा मार्ग लवकर सुरू करणे हा या क्षेत्रात कारकिर्दीच्या आखणीचाच भाग ठरतो. हा लेख त्या मार्गावरच्या पहिल्या टप्प्याविषयी, म्हणजे आय-१४० या याचिकेविषयी, आणि तिच्यातही मुख्यतः ‘एनआयडब्ल्यू’ म्हणजे राष्ट्रहित सवलतीच्या याचिकेविषयी आहे.

पहिली पायरी : कोणती वाट धरायची

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या पहिल्या दोन श्रेणींमध्ये संशोधकांच्या उपयोगाच्या तीन वाटा आहेत. पहिली ईबी-१बी, म्हणजे नामवंत प्राध्यापक व संशोधक यांची; तिच्यासाठी किमान तीन वर्षांचा अनुभव आणि कायम स्वरूपाची नोकरी लागते आणि याचिका विद्यापीठाने किंवा संस्थेने करायची असते. दुसरी ईबी-१ए, म्हणजे असाधारण क्षमता असलेल्यांची. ही स्वतःची स्वतः करता येते. नियमांत दिलेल्या दहा निकषांपैकी किमान तीन पूर्ण करावे लागतात आणि त्यानंतर सगळा पुरावा एकत्र पाहून हा उमेदवार खरोखरच क्षेत्राच्या शिखरावरील मोजक्या लोकांपैकी आहे का, हे अधिकारी तपासतो. ही दोन टप्प्यांची पद्धत २०१० च्या काझारियन खटल्यातील निकालानंतर रूढ झाली. तिसरी ईबी-२ श्रेणीतील राष्ट्रहित सवलत, जिला सर्वजण एनआयडब्ल्यू म्हणतात. एरवी ईबी-२ साठी नोकरीचा प्रस्ताव आणि कामगार खात्याचे प्रमाणपत्र लागते. आपले काम अमेरिकेच्या हिताचे असल्याचे दाखवून दिले तर या दोन्ही अटी माफ होतात आणि याचिका स्वतःच करता येते.

ईबी-१ए चे तीन निकष पूर्ण करणे शोधनिबंध, इतरांच्या निबंधांचे परीक्षण आणि मौलिक योगदान यांच्या आधारे अनेक संशोधकांना कागदोपत्री जमते. खरी अडचण दुसऱ्या टप्प्यात येते. म्हणून पोस्टडॉकच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असलेल्या बहुतेकांनी आधी एनआयडब्ल्यू करावी आणि कामाची नोंद भक्कम झाल्यावर ईबी-१ए किंवा ईबी-१बी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. याला एक व्यावहारिक कारण आहे. भारतात जन्मलेल्यांसाठी प्रतीक्षेची रांग लांब आहे आणि रांगेतले स्थान प्रायॉरिटी डेटवरून ठरते. एनआयडब्ल्यू आणि ईबी-१ए मध्ये ही तारीख म्हणजे याचिका दाखल झाल्याचा दिवस. एखादी आय-१४० मंजूर झाली की तिची तारीख नंतरच्या, वरच्या श्रेणीतील याचिकेलाही वापरता येते. म्हणजे आज दाखल केलेली एनआयडब्ल्यू मंजूर झाली की ती चार वर्षांनी केलेल्या ईबी-१ए ला आजची तारीख मिळवून देते.

मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी एक गल्लत टाळावी. डॉक्टरांसाठी एनआयडब्ल्यूचा एक स्वतंत्र प्रकार कायद्यात आहे, ज्यात वैद्यकीय सेवेचा तुटवडा असलेल्या भागात पाच वर्षे पूर्णवेळ रुग्णसेवा करावी लागते. तो रुग्णसेवेसाठी आहे. आपला मुख्य व्यवसाय संशोधन असेल तर या लेखातील नेहमीची एनआयडब्ल्यू आपल्याला लागू पडते. दोन्हींची भाषा एकाच याचिकेत मिसळली की अधिकाऱ्याला हा उमेदवार दवाखाना चालवणार की संशोधन करणार हेच कळत नाही.

ईबी-२ च्या मूळ पात्रतेसाठी अमेरिकी पदव्युत्तर पदवीच्या तोडीची पदवी, किंवा तशी पदवी नसल्यास पदवीनंतर चढत्या जबाबदारीचा पाच वर्षांचा अनुभव लागतो. अमेरिकी पीएच.डी. असेल तर हा प्रश्न उरत नाही. भारतातील एम.ए. मानसशास्त्र, एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी किंवा एम.डी. यांवर विसंबणार असाल, तर मान्यताप्राप्त संस्थेकडून पदवीचे समतुल्यता मूल्यांकन करून घ्यावे आणि त्यासोबत प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका जोडाव्यात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी नागरिकत्व व स्थलांतर सेवेने, म्हणजे यूएससीआयएसने, आपल्या मार्गदर्शिकेत सुधारणा करून पदवीचा नियोजित कामाशी संबंध असला पाहिजे यावर अधिक भर दिला आहे. अभियांत्रिकीतून मानसशास्त्राकडे वळलेल्यांनी हा दुवा याचिकेत शब्दांत मांडावा.

दुसरी पायरी : नियोजित कार्य लिहून काढणे

डिसेंबर २०१६ मध्ये ‘मॅटर ऑफ धनासर’ या निर्णयाने एनआयडब्ल्यूच्या १९९८ पासूनच्या जुन्या कसोट्या रद्द करून तीन नव्या कसोट्या घालून दिल्या. नियोजित कार्याला ठोस मूल्य आणि देशव्यापी महत्त्व असावे. ते कार्य पुढे नेण्यासाठी उमेदवार योग्य स्थितीत असावा. आणि एकूण विचार करता नोकरीच्या प्रस्तावाची अट माफ करणे अमेरिकेच्या फायद्याचे असावे. या तिन्ही कसोट्या ‘नियोजित कार्या’भोवती फिरतात. असे असूनही अनेक जण याचिकेची सुरुवात पुरावे गोळा करण्यापासून करतात आणि कार्याचा परिच्छेद शेवटच्या आठवड्यात लिहितात. क्रम उलटा असावा: आधी दोन पानांत कार्य लिहावे, मग प्रत्येक पुरावा त्यातील कोणत्या वाक्याला आधार देतो हे पाहावे, आणि ज्या पुराव्याला असे वाक्य सापडत नाही तो बाजूला ठेवावा.

मुलांचे मानसिक आरोग्य या विषयात एक विशेष सापळा आहे. विषय महत्त्वाचा आहे हे कोणालाही पटवावे लागत नाही, त्यामुळे उमेदवार त्या सहज मिळणाऱ्या संमतीवर विसंबून राहतो. नैराश्याने ग्रासलेल्या किशोरांची आकडेवारी, आत्महत्यांविषयीचे अहवाल, समुपदेशकांचा तुटवडा यांनी दहा पाने भरतात आणि शेवटी अधिकारी लिहितो की क्षेत्राचे महत्त्व मान्य आहे, परंतु उमेदवाराच्या विशिष्ट कार्याचे देशव्यापी महत्त्व सिद्ध झालेले नाही. नकारपत्रांतील हे नेहमीचे वाक्य आहे. धनासर निर्णयातच याचा नमुना सापडतो: त्या संशोधकाचे हायपरसॉनिक प्रणोदनावरील संशोधन देशव्यापी महत्त्वाचे ठरले, पण विद्यार्थ्यांना विज्ञान-तंत्रज्ञान शिकवण्याचे त्याचे काम, मूल्यवान असूनही, त्या अर्थाने देशव्यापी मानले गेले नाही. हाच न्याय रुग्णसेवेला लागतो. एका शहरातील मुलांना थेरपी देणे हे उत्तम काम आहे. त्याचा परिणाम मात्र त्या दवाखान्यापुरता राहतो, असे अधिकारी म्हणू शकतो.

उदाहरण घेऊ. ‘किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करून उपचार सुधारणे’ हे कार्य म्हणून चालणार नाही, कारण ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाचे आहे. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘सात वर्षांखालील मुलांमधील चिंताविकार बालरोगतज्ज्ञाच्या नेहमीच्या तपासणीत ओळखता यावा यासाठी पालकांनी भरायची संक्षिप्त प्रश्नावली विकसित करणे, इंग्रजी व स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांत तिची विश्वसनीयता तपासणे आणि ती प्राथमिक आरोग्यसेवेला मोफत उपलब्ध करून देणे.’ यात समस्या, वयोगट, पद्धत, वापरणारे लोक आणि प्रसाराचा मार्ग असे पाचही दुवे दिसतात. प्रसाराचा दुवा सर्वात जास्त वेळा राहून जातो. एका प्रयोगशाळेतले निष्कर्ष देशभर कसे पोहोचतील, हे प्रकाशने, खुली विदा (डेटा), खुला संगणकीय कोड, प्रशिक्षण पुस्तिका किंवा व्यावसायिक संघटनांच्या मार्गदर्शक सूचना यांपैकी कशातून होईल, हे नेमके सांगावे.

मात्र कार्य इतकेही अरुंद नसावे की एक प्रकल्प संपताच ते संपून जाईल. ग्रीन कार्डाचा अंतिम अर्ज, म्हणजे आय-४८५, करेपर्यंत भारतीय उमेदवाराची अनेक वर्षे जाऊ शकतात आणि त्या वेळीही त्याच क्षेत्रात काम करण्याचा इरादा दाखवावा लागतो. एका विशिष्ट अनुदानाचे किंवा एका विशिष्ट नोकरीचे वर्णन म्हणजे कार्य नव्हे. पुढील आठ-दहा वर्षे ज्या प्रश्नावर काम करीत राहाल तो प्रश्न, आणि त्याखाली सध्याचे दोन-तीन प्रकल्प, अशी मांडणी टिकाऊ ठरते.

तिसरी पायरी : देशव्यापी महत्त्वाचा पुरावा

येथे सरकारी व व्यावसायिक संस्थांची कागदपत्रे कामाला येतात, आणि या क्षेत्रात ती भरपूर आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमी, बाल व किशोर मनोविकारतज्ज्ञांची अकादमी आणि बाल रुग्णालयांची संघटना यांनी मिळून मुलांच्या मानसिक आरोग्याबाबत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी तरुणांच्या मानसिक आरोग्याविषयी सल्लापत्र काढले. रोग नियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, शालेय सर्वेक्षणात २०२१ मध्ये हायस्कूलमधील ४२ टक्के विद्यार्थ्यांनी सततची उदासी किंवा हताशा नोंदवली. २०२३ मध्ये हे प्रमाण ४० टक्के होते.

हे आकडे जवळपास प्रत्येक याचिकेत असतात, म्हणून त्यांच्यावर एक परिच्छेद पुरे. जास्त जड पुरावा तो, जो आपल्या नेमक्या प्रश्नाकडे बोट दाखवतो. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ८ ते १८ वयोगटात चिंताविकारासाठी आणि १२ ते १८ वयोगटात नैराश्यासाठी चाचणी करण्याची शिफारस केली. पण सात वर्षे व त्याखालील मुलांत चिंतेसाठी, अकरा वर्षे व त्याखालील मुलांत नैराश्यासाठी आणि मुले व किशोर या दोघांतही आत्महत्येच्या धोक्यासाठी चाचणी करावी की नाही, हे ठरवण्यास पुरेसा पुरावा नसल्याचे नोंदवले. आपले संशोधन या तीनपैकी एका पोकळीत बसत असेल, तर देशपातळीवरच्या तज्ज्ञ मंडळानेच आपल्या प्रश्नाची गरज लिहून ठेवलेली आहे, असे म्हणता येते. वर दिलेले प्रश्नावलीचे उदाहरण याच कारणासाठी निवडले आहे. स्वमग्नतेवर काम करणाऱ्यांना सीडीसीचे २०२५ मधील निरीक्षण उपयोगी पडेल, ज्यात निवडक ठिकाणच्या आठ वर्षांच्या मुलांत ३१ पैकी एकाला स्वमग्नता आढळली. मेंदूच्या वाढीवर काम करणाऱ्यांना एबीसीडी अभ्यासाचा संदर्भ देता येतो. सुमारे १२ हजार मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारा हा प्रकल्प एनआयएचच्या निधीवर चालतो, यावरूनच सरकारी प्राधान्य दिसते.

एक सावधगिरी. शाळांतील मानसिक आरोग्यासाठीच्या सुमारे एक अब्ज डॉलरच्या अनुदानांचा पुढील निधी थांबवत असल्याचे अमेरिकी शिक्षण खात्याने २०२५ मध्ये जाहीर केले. म्हणून देशव्यापी महत्त्वाचा सगळा युक्तिवाद एखाद्या प्रशासनाच्या एखाद्या योजनेवर उभा करू नये. वैज्ञानिक मंडळांच्या शिफारशी, काँग्रेसने संमत केलेले कायदे आणि अनेक वर्षांची सर्वेक्षणे जास्त काळ टिकतात.

भारतात केलेल्या कामाची जागाही येथेच ठरवून घ्यावी. महाराष्ट्रातील आश्रमशाळांत केलेले सर्वेक्षण किंवा एखाद्या मोजपट्टीचे मराठी रूपांतर हे स्वतः अमेरिकेतील महत्त्वाचा पुरावा ठरत नाही. ते दुसऱ्या कसोटीखाली, आपल्या अनुभवाची नोंद म्हणून न्यावे: तुटपुंज्या साधनांत अभ्यास उभा करणे, वेगळ्या भाषेत मोजपट्टीची विश्वसनीयता तपासणे, पालक आणि शिक्षक यांच्याकडून विदा मिळवणे ही कौशल्ये अमेरिकेतील बहुभाषक कुटुंबांवरच्या संशोधनात तशीच्या तशी लागतात. हा दुवा अधिकारी स्वतः जोडणार नाही. तो याचिकेत लिहावा लागतो.

चौथी पायरी : आपली नोंद आणि शिफारसपत्रे

उद्धरणांची संख्या एकटी फारसे काही सांगत नाही. संगणकशास्त्रातील निबंधाला दोन वर्षांत मिळणारी उद्धरणे मुलांवरील दीर्घकालीन अभ्यासाला पाच वर्षांतही मिळत नाहीत, आणि याचिका वाचणारा अधिकारी आपल्या विषयातला असण्याची शक्यता कमी. म्हणून तुलना क्षेत्रातल्या क्षेत्रात करून द्यावी. एनआयएचचे ‘आयसाइट’ हे मोफत साधन प्रत्येक निबंधाचे सापेक्ष उद्धरण गुणोत्तर देते. एनआयएचच्या निधीवरील निबंधांचे मध्यक मूल्य त्यात १ असते, त्यामुळे २.५ असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ एका वाक्यात समजावता येतो. त्यापुढे जाऊन, आपल्याला कोणी उद्धृत केले यापेक्षा कशासाठी केले ते दाखवावे. वीस निबंधांच्या यादीत नाव असणे वेगळे आणि दुसऱ्या गटाने आपली पद्धत उचलून स्वतंत्र नमुन्यावर वापरणे वेगळे. असे चार-पाच परिच्छेद अधोरेखित करून जोडले तर ते शंभर पानांच्या उद्धरणयादीपेक्षा जास्त काम करतात.

या क्षेत्रात उद्धरणांच्या बाहेरचाही पुरावा असतो आणि तो अनेकदा विसरला जातो. आपली मोजपट्टी एखादी शाळा-जिल्हा यंत्रणा किंवा रुग्णालय वापरत असेल, उपचारपुस्तिकेचे प्रशिक्षण इतर राज्यांतील थेरपिस्टांनी घेतले असेल, एखाद्या राज्याच्या आरोग्य खात्याच्या अहवालात आपला निबंध आला असेल, तर त्याची लेखी पुष्टी मिळवावी. अनुदान मिळाले असेल तर मंजुरीपत्रासोबत त्या अनुदानातील आपली भूमिका सांगणारे प्रमुख संशोधकाचे पत्र हवे. केवळ प्रयोगशाळेला निधी होता हे पुरत नाही. परीक्षणाच्या कामासाठी नियतकालिकांच्या संपादकांची ‘परीक्षण पूर्ण केल्याबद्दल आभार’ अशी पत्रे जपून ठेवावीत. नुसती निमंत्रणे चालत नाहीत. वर्गणी भरून मिळणारे सदस्यत्व, पैसे भरून मिळणारे पुरस्कार आणि शुल्क घेऊन काहीही छापणारी नियतकालिके यांपासून दूर राहावे. ती उपयोगी तर पडत नाहीतच, उलट बाकीच्या खऱ्या पुराव्यावरही संशय आणतात.

मुलांच्या बाबतीत गोपनीयतेचे बंधन याचिकेतही सुटत नाही. पुरावा म्हणून जोडलेल्या कागदांत सहभागी मुलांची किंवा कुटुंबांची ओळख पटेल असे काहीही नसावे आणि विदा-वापराच्या कराराने बांधलेली कच्ची माहिती तर मुळीच जोडू नये.

शिफारसपत्रे साधारणपणे पाच-सहा असतात. त्यांतली दोन मार्गदर्शकांची व सहकाऱ्यांची, आणि उरलेली आपल्यासोबत कधी काम न केलेल्या, पण आपले काम वापरलेल्या किंवा वाचलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांची असावीत. स्वतंत्र तज्ज्ञाने ‘मी यांना त्यांच्या अमुक निबंधावरून ओळखतो’ असे सुरुवातीलाच म्हणावे. पत्राचा कच्चा मसुदा उमेदवाराने द्यावा अशी पद्धत पडून गेली आहे, आणि तिथेच घोटाळा होतो: सगळी पत्रे एकाच छापखान्यातून निघालेल्या लग्नपत्रिकांसारखी दिसतात, नावे तेवढी वेगळी. एआयकडून लिहून घेतलेल्या मसुद्यांनी हा प्रकार आणखी वाढला आहे. मसुद्याऐवजी प्रत्येकाला वेगळे मुद्दे पाठवावेत. पद्धतीविषयी बोलू शकणाऱ्याने पद्धतीविषयी, रुग्णालयात वापर पाहिलेल्याने वापराविषयी लिहावे. ‘अत्यंत प्रतिभावान’ या विशेषणाला अधिकाऱ्याच्या लेखी वजन नाही; ‘आमच्या केंद्रात आम्ही हीच प्रश्नावली वापरायला घेतली आणि त्यामुळे तपासणीची वेळ कमी झाली’ या विधानाला आहे, अर्थात ते खरे असेल तर.

पाचवी पायरी : तिसरी कसोटी

ही कसोटी बहुतेक जण अर्ध्या पानात उरकतात. कामगार खात्याचे प्रमाणपत्र एका ठराविक मालकाकडच्या ठराविक पदासाठी असते, तर आपले कार्य अनेक संस्थांत चालणारे, अनुदानावर अवलंबून असणारे आणि पदे बदलली तरी चालू राहणारे आहे, हा मुद्दा येथे मांडावा. पोस्टडॉक हे मुळातच तात्पुरते पद असते हेही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत पात्र संशोधक उपलब्ध असले तरीही आपल्या योगदानाचा देशाला लाभ होईल, असे धनासर निर्णयाच्याच भाषेत म्हणता येते. तुटवड्याच्या आकडेवारीवर येथे भर देऊ नये, कारण तुटवडा असेल तर प्रमाणपत्राचा नेहमीचा मार्ग घ्या, असे उत्तर मिळू शकते.

सहावी पायरी : फॉर्म आणि शुल्क

मुख्य फॉर्म आय-१४०. त्यासोबत कामगार खात्याच्या ईटीए-९०८९ या फॉर्मचे परिशिष्ट ‘ए’ आणि सही केलेला ‘फायनल डिटर्मिनेशन’ हा भाग एनआयडब्ल्यूसाठी जोडावा लागतो. नोकरीची अट माफ होत असल्यामुळे हे लागत नाही असा समज चुकीचा आहे. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार आय-१४० चे शुल्क ७१५ डॉलर आणि स्वतः याचिका करणाऱ्यासाठी आश्रय कार्यक्रमाचे शुल्क ३०० डॉलर आहे, आणि ही दोन्ही वेगवेगळी भरायची असतात. २८ ऑक्टोबर २०२५ पासून कागदी धनादेश स्वीकारले जात नाहीत. कार्डासाठी जी-१४५० किंवा बँक खात्यासाठी जी-१६५० फॉर्म भरावा. पाठवण्याच्या दिवशी फॉर्मची आवृत्ती, शुल्क आणि पत्ता यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहावा.

जवळपास तीन हजार डॉलर वेगळे भरले तर ४५ कामकाजाच्या दिवसांत यूएससीआयएसकडून हालचाल होते. मंजुरी, नकार किंवा अधिक पुराव्याची मागणी यांपैकी काहीही. भारतीय उमेदवाराला हा खर्च करण्याची घाई अनेकदा नसते, कारण प्रायॉरिटी डेट दाखल केल्याच्या दिवशीच मिळते आणि पुढे रांग आहेच. एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाची सहा वर्षे संपत आली असतील किंवा जोडीदाराला एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर काम करण्याचा परवाना हवा असेल, तर मात्र मंजुरी लवकर मिळण्याला अर्थ आहे.

वकील घ्यावा का? स्वतः केलेल्या याचिका मंजूर होतात, आणि प्रशासकीय अपील कार्यालयाचे नावे वगळून प्रसिद्ध होणारे निर्णय कोणालाही वाचता येतात. त्यांतील मानसशास्त्राशी संबंधित नकार वाचणे हा उत्तम अभ्यास आहे. पण व्हिसाची स्थिती गुंतागुंतीची असेल, पूर्वी नकार मिळालेला असेल किंवा जे-१ या विनिमय-व्हिसाचा प्रश्न असेल, तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नये.

सातवी पायरी : नाव, जन्मदाखला आणि भाषांतर

इंग्रजीखेरीज कोणत्याही भाषेतील कागदाला संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. भाषांतर उमेदवाराने स्वतः करू नये.

मराठी माणसाची नावे अमेरिकी फॉर्ममध्ये हमखास अडखळतात. मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर काही स्त्रियांचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदललेले, आणि शोधनिबंध मात्र माहेरच्या नावाने. अशा वेळी पूर्वीची सर्व नावे फॉर्ममध्ये द्यावीत, विवाह प्रमाणपत्र जोडावे, नाव राजपत्रात बदलून घेतले असल्यास त्याची प्रत जोडावी, आणि ऑर्किड (ओआरसीआयडी) या संशोधकांच्या ओळख-नोंदीत दोन्ही नावे दिसतील असे करावे.

जन्मदाखला आय-१४० ला लागत नाही, पण आय-४८५ च्या वेळी लागतो आणि तेव्हा धावाधाव होते. बारशाच्या आधीच जन्माची नोंद झाल्यामुळे जुन्या दाखल्यांवर बाळाचे नाव कोरे असते, किंवा ग्रामपंचायतीची नोंदच सापडत नाही. भारतवारीत महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नाव घालून नवा दाखला घ्यावा. नोंद नसेल तर अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र, जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे आणि शाळा सोडल्याचा दाखला एकत्र ठेवावा. वडीलधारी माणसे हयात असताना हे काम उरकलेले बरे.

आठवी पायरी : सध्याचा व्हिसा

एच-१बी वर स्थलांतराचा इरादा असणे मान्य आहे. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर आणि जे-१ वर तसे नाही. आय-१४० दाखल केल्यानंतर या व्हिसांचा नवा शिक्का घेण्यासाठी मुंबईच्या वकिलातीत जाताना अडचण येऊ शकते, म्हणून दाखल करण्याची वेळ आणि भारतवारी एकत्र विचारात घ्यावी. आय-१४० दाखल केल्याचे व्हिसाच्या अर्जात लपवणे हा पर्याय नाही.

जे-१ वरील अनेकांना दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. ही अट कोणत्या देशांतील कोणत्या कौशल्यांना लागते हे सांगणाऱ्या, ९ डिसेंबर २०२४ रोजी सुधारलेल्या कौशल्य-यादीतून भारत वगळला गेला, त्यामुळे केवळ त्या यादीमुळे अट लागलेल्या भारतीयांची त्यातून सुटका झाली. सरकारी निधी किंवा डॉक्टरांचे पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षण या कारणाने लागलेली अट मात्र कायम आहे. अट असतानाही आय-१४० दाखल करता येते; ती पूर्ण किंवा माफ होईपर्यंत आय-४८५ करता येत नाही.

नववी पायरी : निकाल आणि त्यानंतरची वर्षे

अधिक पुराव्याची मागणी, म्हणजे आरएफई, आली तर घाबरू नये. २०२२ नंतर एनआयडब्ल्यूचे अर्ज फार वाढले आणि मंजुरीचे प्रमाण घसरले, त्यामुळे आरएफई हा आता नेहमीचा टप्पा झाला आहे. उत्तरासाठी कमाल ८४ दिवस आणि टपालाचे तीन दिवस मिळतात, आणि उत्तर एकदाच, एकत्र द्यावे लागते. कार्य अस्पष्ट असल्याचा आक्षेप असेल तर ते स्पष्ट करावे, बदलू नये. दाखल केल्यानंतर कार्यात मूलभूत बदल केलेला चालत नाही. नकार आला तर तीस दिवसांत आय-२९०बी द्वारे अपील करता येते, किंवा सुधारलेली नवी याचिका कधीही करता येते. फक्त नाकारलेल्या याचिकेची तारीख हाती राहत नाही.

मंजुरीनंतर परराष्ट्र खात्याचे मासिक व्हिसा बुलेटिन पाहायचे. २०२५ मध्ये भारतासाठी ईबी-२ ची तारीख २०१२-१३ च्या आसपास रेंगाळत होती, तर ईबी-१ ची २०२२ च्या सुरुवातीला होती. वर सांगितलेला दोन याचिकांचा क्रम का महत्त्वाचा, ते या दोन तारखांतून दिसते. रांग जन्मदेशावरून ठरते, नागरिकत्वावरून नाही. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्या देशाची रांग धरता येते. दरम्यान मंजूर आय-१४० च्या आधारे एच-१बी ला सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. मूल मोठे असेल तर त्याच्या २१ व्या वर्षाचा हिशोब वकिलाकडून आधीच करून घ्यावा.

या वर्षांत एक फाइल चालू ठेवावी: नवे निबंध, संपादकांची आभारपत्रे, वापराची पुष्टी देणारी पत्रे, अनुदानांची मंजुरीपत्रे, यूएससीआयएसच्या सर्व जुन्या आय-७९७ नोटिसा, आय-२० किंवा डीएस-२०१९ (एफ-१ व जे-१ ची पात्रतापत्रे), पगारपत्रके आणि करविवरणे. घर बदलल्यास दहा दिवसांत यूएससीआयएसला नवा पत्ता कळवावा. ईबी-१ए चा विचार वर्षातून एकदा या फाइलीवरूनच करावा. तिच्यात स्वतंत्र वापराचा नवा पुरावा आलेला नसेल, तर त्या वर्षी शुल्क भरू नये.